एकोणीस छोट्या खुर्च्यांचा खुलासा

बुधवार, जेवण आटोपून

तीर्थरूप ताईस,

कंबर वाकेल तेवढा नमस्कार. (उरलेला भेटीत घालीन.) इकडे मी खुशाल आहे. खोकला गेला, चष्म्याचा नंबर आहे तिथंच आहे आणि जिन्यातला दिवा मीच लावून घेतला, त्यामुळे शेजारपाजारी सध्या माझा वट आहे. तुझा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस, की खुर्चीत बसून दाजींकडून करून घेतेस? दाजींचं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? नसेल आलं तर घाई करू नका. यंत्राशिवाय ते जास्त प्रसन्न दिसतात, असं मला मागच्या खेपेलाच वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी ग्रंथालयाची फिरती गाडी तुमच्या वसाहतीच्या फाटकाशी आली, तिच्यातून एकोणीस छोट्या लाल खुर्च्या उतरल्या, पाठोपाठ उजव्या हातात कापडी ससा आणि डाव्या हातात कापडी कोल्हा घातलेली एक बाई उतरली, आणि तिनं तुला 'मुलं कुठं आहेत?' असं विचारलं. ह्या प्रकाराचा खुलासा तू शुक्रवारी फोनवर मागितलास. मी तो देत होतो. पण फोनवर तुझ्याशी बोलताना माझं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नाही, हा माझा जन्मापासूनचा अनुभव आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, पाय वर घे आणि शेवटपर्यंत वाच. (शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय इथं चालणार नाही. मी बघत नसलो तरी मला कळेल.)

तुला ठाऊकच आहे की फिरती गाडी आता म्हातारी झाली आहे. मेकॅनिकनं सांगितलं, अकरा थांबे ही ओढणार नाही, सातच ठेवा. म्हणजे चार थांबे जाणार. कुठले जाणार हे ग्रंथालयाची समिती ठरवणार, आणि समितीला ते नकाशावर आणि तक्त्यावर बघून ठरवायचं होतं. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा आठवलीस ती तू. ऑपरेशन झाल्यापासून तू फाटकाच्या पलीकडे गेलेली नाहीस, गावात उतरून पुस्तकं आणणं तुला शक्य नाही, आणि पुस्तक नसलं की तू दाजींना वाचायला लागतेस. त्यामुळे ग्रंथपालबाईंनी 'हे नकाशाचं काम कुणी चिकाटीचा माणूस करील का?' असं विचारल्याबरोबर मी उभा राहिलो आणि 'द्या इकडे' म्हणालो. तुझ्या दारातली गाडी बंद होऊ द्यायची नाही, एवढा एकच हेतू त्यात होता. समाजसेवा वगैरे मी नंतर म्हणायला लागलो.

संगणक मला नवा नाही. छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यातली शेवटची सहा पडद्यावर तपासली. घरात तुम्ही मला 'टाचणी' म्हणत आलात ते टोचतो म्हणून, पण छापखान्यात मला मान होता. माझ्या हाताखालून गेलेल्या पानात दोन शब्दांमध्ये दोन मोकळ्या जागा कुणी दाखवून द्याव्यात आणि माझ्याकडून जेवण घ्यावं, असं मी उघड सांगत असे. एकेचाळीस वर्षांत मी कुणाला जेवण घातलं नाही. (हे तू माझ्या कंजूषपणाच्या यादीत धरू नकोस.) ही गोष्ट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं रामायण ह्या गुणामुळे घडलं.

ग्रंथपालबाईंनी मला जी फाइल दिली ती साधी मजकुराची फाइल होती. ड्रायव्हर प्रत्येक फेरीला वहीत नोंदी करतो, त्या कुणीतरी टाइप केलेल्या. एका थांब्याची एक ओळ. ओळीत आधी थांब्याचं नाव, मग मोठे वाचक किती, मग बालवाचक किती, मग एका फेरीत पुस्तकं किती गेली, आणि शेवटी अक्षांश आणि रेखांश, म्हणजे नकाशावर थांबा नेमका कुठं टेकवायचा ते. ह्या सहा गोष्टींच्या मध्ये टॅब असतो. टॅब म्हणजे डोळ्याला न दिसणारी भिंत समज. पडद्यावर नुसती मोकळी जागा दिसते, पण यंत्राला तिथं एक खोली संपून दुसरी सुरू झाल्याचं कळतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला फक्त मोकळी जागा दिसत होती, आणि तीसुद्धा कुठं अरुंद, कुठं रुंद, कुठं भलतीच ऐसपैस. अशी ओबडधोबड फाइल पुढे पाठवायची माझ्या हाताला सवय नाही. बारकाईनं पाहिलं तर चार ओळींत चक्क दोन-दोन मोकळ्या जागा एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, टाइप करणाऱ्यानं डुलक्या काढल्या. 'शोधा आणि बदला' अशी सोय असते, तिच्यात ती जोडी तशीच उचलून शोधायला लावली आणि तिच्या ठिकाणी त्यातली एकच जागा घालायला लावली. यंत्रानं नम्रपणे कळवलं की चार ठिकाणी दुरुस्ती झाली. मी उठून स्वतःसाठी चहा केला, इतकं मला बरं वाटलं.

मग ती फाइल तक्ते आणि नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आत घ्यायची होती. दार उघडल्याबरोबर ते विचारतं, रकाने कशानं वेगळे केले आहेत? स्वल्पविराम, अर्धविराम, टॅब, की मोकळी जागा? विरामचिन्हं हा तर माझा प्रांत. मी विचार केला, दिसतेय ती मोकळी जागा, मग मोकळी जागाच. त्याबरोबर तुमच्या 'डोंगरमाथा वसाहती'चे दोन तुकडे झाले. 'डोंगरमाथा' नावाच्या रकान्यात राहिला आणि 'वसाहत' मोठ्या वाचकांच्या रकान्यात जाऊन बसली. 'अग्निशमन केंद्राचं मागचं फाटक' तर चार रकाने अडवून आडवं पडलं. यंत्रानं मला विचारलं की 'फाटक' हा आकडा समजायचा का. मी नाही म्हणालो आणि बाहेर आलो. दुसऱ्या खेपेला स्वल्पविराम निवडला, तेव्हा सगळी ओळ एकाच रकान्यात कोंबली गेली. तिसऱ्या खेपेला टॅब निवडला आणि सगळं कसं ओळीनं लागलं. फक्त शीर्षकांची ओळसुद्धा थांबा म्हणून आत आली, त्यामुळे 'थांब्याचं नाव' नावाचा बारावा थांबा तयार झाला, ज्याला एकही वाचक नव्हता. तो बंद करावा अशी शिफारस मी लिहूनसुद्धा काढली होती. मग 'पहिली ओळ शीर्षकांची' अशी एक चौकट सापडली, तिच्यावर खूण केली आणि तो थांबा नाहीसा झाला. (ग्रंथपालबाईंना ह्यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी पहिल्या खेपेलाच केलं.)

नकाशा उघडला तर सात थांबे गावात आणि चार समुद्रात. लांब, वर, जिथं बहुधा बर्फ असावं अशा समुद्रात, चौघंही एकमेकांना धरून. त्यात तुमची वसाहतही होती. दुसरा एखादा माणूस इथं घाबरला असता आणि मूळ फाइल पुन्हा तपासली असती. मी घाबरलो नाही. मला गावातले रस्ते पाठ आहेत. ते चार ठिपके मी माउसनं एकेक करून धरले आणि पाण्यातून काढून आपापल्या जागी आणून सोडले. तुमचा ठिपका तर मी फाटकाच्या नेमक्या डाव्या खांबाशी ठेवला, कारण तिथं सावली असते. पुस्तकांच्या रकान्यात काही ठिकाणी अपूर्णांक दिसत होते, चार-चार आकडे टिंबाच्या पुढे. पुस्तक काही अर्धं-पाव जात नाही, हे कुणालाही कळतं. मी ते सगळे पूर्णांक केले. असं एकेक करत मी त्या फाइलला वळण लावलं आणि समितीपुढे मांडण्यासारखी करून सोडली.

समितीची बैठक त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी झाली. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भिंतीवर नकाशा पाडला. जिथं मुलं जास्त तिथं वर्तुळ मोठं, असं मी ठेवलं होतं, कारण अध्यक्षांनी आधीच सांगितलं होतं की मुलांच्या थांब्यांना पहिला मान द्यायचा. आणि ताई, तुमच्या डोंगरावर जे वर्तुळ उमटलं, त्यानं अख्खा डोंगर झाकला. बालवाचक एकोणीस! अग्निशमन केंद्रात तर तेवीस. अध्यक्षांचे डोळे पाणावले. आग विझवणाऱ्यांच्या मुलांना वाचनाची एवढी ओढ आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं ते दोनदा म्हणाले. चारही ठिपके, मी पाण्यातून काढलेले, पहिल्या सातांत आले. तुझा दुसरा नंबर लागला. एवढंच नाही, तर त्या एकोणीस मुलांसाठी गोष्टी सांगणारी बाई आणि बसायला खुर्च्याही पाठवाव्यात, असं तिथल्या तिथं ठरलं. मी घरी चालत आलो, पण पाय जमिनीवर नव्हते.

आता तू विचारशील (विचारलंच होतंस, फोनवर, बरंच मोठ्यानं) की आमच्या वसाहतीत सगळ्यात लहान माणूस बासष्ट वर्षांचा आहे हे तुला माहीत नव्हतं का? होतं. मी तिथं किती वेळा आलोय. वसाहतीत सायकल नाही, चेंडू नाही, एका भिंतीवर खडूची रेघ नाही. त्या सोमवारी ह्यातलं काहीही मला आठवलं नाही. तुझं वर्तुळ मोठं दिसलं आणि मी पुढे बघितलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या नावापुढे असा आकडा असता, तर मी तो दहा वेळा पडताळला असता.

गुरुवारचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. तुमच्या वसाहतीतले दंतवैद्य काका त्या छोट्या खुर्चीत बसले आणि खुर्चीसकट उठले, हे खरं का? आणि त्या बाईनं, आलेच आहोत तर म्हणून, तुम्हा सात जणांना ससा-कोल्ह्याची गोष्ट सांगितली, आणि दाजी यंत्राशिवायसुद्धा योग्य जागी हसले? ती बाई खूश होती म्हणे. इतके शांत श्रोते तिला आजवर मिळाले नव्हते. तू मात्र गोष्टीच्या मध्येच उठून कोल्ह्याचं वागणं कसं सुसंगत नाही हे तिला समजावून दिलंस, असं कळलं. ते तुझं बरोबरच असणार.

तुझा फोन आल्यावर मी रात्रभर तळमळलो वगैरे काही नाही, चांगला झोपलो. पण शनिवारी सकाळी जाऊन गाडीत बसलो. गाडी त्या दिवशी कालव्याकाठच्या शाळेला जाणार होती, आणि तो थांबा आता जाणाऱ्या चारांपैकी होता. तक्त्यात तिथं चौदा मुलं होती. तुझ्या एकोणिसांनी त्यांना खाली ढकललं होतं. म्हटलं, ही चौदा तरी डोळ्यांनी बघून घेऊ.

ती होती, ताई. चौदाच्या चौदा. गाडी वळणावर दिसल्याबरोबर धावत आली आणि दाराशी रांग लावून उभी राहिली, कुणी लावायला न सांगता. ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं की आता ही गाडी फार दिवस यायची नाही, आज दोन-दोन पुस्तकं न्या. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिनं परत केलेल्या पुस्तकात एक चिठ्ठी होती. मला वाटलं, खूण म्हणून घातली असेल. उघडून पाहिली तर तिच्यावर लिहिलेलं, 'पान बत्तीस, एक ओळ दोनदा छापली आहे. पान सत्तावन्न, मांजराचं नाव बदललं आहे.' मी तिथल्या तिथं पान बत्तीस उघडलं. होती. एक ओळ दोनदा होती. सत्तावन्नावर मांजराचं नावही बदललेलं. मी आयुष्यात फार कमी माणसांपुढे मनापासून मान झुकवली आहे, त्यांत ही एक. मग तिनं ड्रायव्हरला विचारलं, गाडी बंद कुणी केली? ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला, नकाशानं. मी तेव्हा मागच्या टायरमधली हवा पायानं तपासत होतो.

परतताना मी ड्रायव्हरला झाडाखाली गाडी उभी करायला लावली. माझ्या तक्त्याचा कागद माझ्या मांडीवर, आणि त्याची वही त्याच्या हातात. छापखान्यात आम्ही असंच करत असू, एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर पट्टी धरून पुढे जायचं. तो वाचत गेला. डोंगरमाथा वसाहत. मोठे वाचक, एक. बालवाचक, रिकामं. पुस्तकं, एकोणीस. माझी पट्टी तिथं अडकली. म्हटलं, रिकामं म्हणजे? तो म्हणाला, 'काका, मुलं नाहीत तिथं मी काही लिहीत नाही. शून्य लिहिलं की ते कायमचं होऊन बसतं. रिकामं ठेवलं, तर उद्या कुणी आलं की लिहिता येतं.' चार थांब्यांवर मुलं नव्हती. चारही ठिकाणी त्यानं जागा रिकामी ठेवली होती. टाइप करणाऱ्यानं ती रिकामी खोली तशीच ठेवली होती, म्हणून तिथं दोन भिंती लागून होत्या, दोन टॅब. आणि मी, दोन मोकळ्या जागा सहन न होणारा माणूस, चारही ठिकाणची एकेक भिंत पाडून आलो होतो. भिंत पडली, की पलीकडचं सगळं एक-एक घर अलीकडे सरकतं. तुझी एकोणीस पुस्तकं बालवाचकांच्या खोलीत आली. अक्षांश पुस्तकांच्या खोलीत आला (ते अपूर्णांक!). रेखांश अक्षांशाच्या जागी आला, रेखांशाला काही उरलंच नाही, आणि तुम्ही समुद्रात गेलात. टाइप करणाऱ्यानं डुलकी काढली नव्हती. त्या फाइलमध्ये एकच चूक करणारा माणूस होता, आणि तो चहा पीत बसला होता.

एक गोष्ट मात्र मला त्या वहीत नव्यानं कळली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठे वाचक एक, पुस्तकं एकोणीस? मी ड्रायव्हरला विचारलं, बाई एकट्या आठवड्याला एकोणीस वाचतात? तो हसायला लागला. त्यानं सांगितलं की कार्ड फक्त तुझं आहे आणि वाचतात सात जण. पुस्तकं तू निवडतेस. दंतवैद्य काकांना तू प्रवासवर्णनं देतेस, कारण त्यांनी सगळं आयुष्य एकाच खोलीत काढलं म्हणून. त्यांना हव्यात रहस्यकथा. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना तू चरित्रं देतेस आणि त्या गुपचूप दाजींची पुस्तकं वाचतात. कुणी स्वतःचं कार्ड काढायचं म्हटलं, तर 'माझं आहे ना' म्हणून तू विषय संपवतेस. ताई, लहानपणी आपल्या घरात कुणी काय वाचायचं हे तूच ठरवायचीस, आणि मी तक्रार केली नाही, कारण तेव्हा तुझी निवड चांगली असायची. पण आता हिशेब असा आहे की कागदावर तुमच्या डोंगरावर एकच वाचक राहतो.

तेव्हा माझं पुढचं पाऊल सरळ होतं. चूक सापडली की शुद्धिपत्र निघालंच पाहिजे, मग लेखक कितीही मोठा असो आणि तपासणारा मी असो. मी रविवारी बसून फाइल मुळापासून पुन्हा आत घेतली, ह्या वेळी एकाही टॅबला हात न लावता. अकराच्या अकरा ठिपके आपापले चालत गावात आले, कुणाला उचलून आणावं लागलं नाही. नवा तक्ता काढला, नवा नकाशा काढला. मग शुद्धिपत्र लिहिलं. 'तक्ता क्रमांक एक: डोंगरमाथा वसाहत, बालवाचक एकोणीस याऐवजी बालवाचक नाहीत असे वाचावे. अग्निशमन केंद्र, बालवाचक तेवीस याऐवजी बालवाचक नाहीत असे वाचावे.' अशा चार ओळी, आणि खाली पाचवी, 'वरील सर्व चुका मूळ नोंदींच्या नसून माझ्या आहेत.' सही केली. लिफाफ्यात घातलं. लिफाफ्यावर ग्रंथपालबाईंचं नाव मी आजवर काढलेल्या सगळ्यात सुवाच्य अक्षरात काढलं. सात थांब्यांच्या यादीवर अध्यक्षांची सही परवा, शुक्रवारी व्हायची आहे, म्हणजे वेळही अगदी हातात आहे. कालव्याकाठची शाळा ह्या यादीत परत येते. नव्या नकाशात तुमचं वर्तुळ शोधायला मला भिंग घ्यावं लागलं.

तर हा खुलासा. खुर्च्या ग्रंथालय परत नेईल, तोवर फुलांच्या कुंड्या ठेवायला वापर. प्रकृतीला जप, पायरीवर कठड्याला धरून चाल, आणि दाजींना माझा नमस्कार सांग (मोठ्यानं).

तुझा धाकटा भाऊ,
टाचणी

ता. क. सोबत सहा छापील फॉर्म आहेत. मी समितीचे सगळे ठराव वाचून काढले (दोन चुका सापडल्या, त्या कळवल्या आहेत). त्यांत एक ठराव असा आहे की सातांत न बसलेल्या थांब्यावरही सहा कार्डं असतील, तर गाडी पंधरा दिवसांतून एकदा तिथं जाते. तुझं एक आहे, आणखी पाच लागतील, एक फॉर्म खराब झाला तर म्हणून सहा पाठवले आहेत. दंतवैद्य काका, शिक्षिकाबाई, दाजी आणि उरलेले. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं भरायचा. तू भरायचा नाहीस. आणि कार्ड मिळाल्यावर ज्याला जे हवं ते त्याला घेऊ द्यायचं, रहस्यकथासुद्धा. तुझ्या दृष्टीनं ही फार मोठी मागणी आहे हे मला कळतं. म्हणून ती मी शेवटी लिहिली.

पुन्हा ता. क. हे पत्र पोस्टानं न पाठवता ड्रायव्हरच्या हाती देतोय, कारण उद्या गुरुवार आहे आणि तो तुझ्याकडेच येणार आहे. तो फाटकाशी अर्धा तास थांबेल. त्याला सगळं माहीत आहे. त्यानं कुणाला सांगितलेलं नाही आणि मलाही काही सुनावलं नाही, फक्त सोमवारपासून तो माझ्याशी कमी बोलतो.

आणखी एक. शुद्धिपत्राचा लिफाफा तुला ह्याच पाकिटात सापडेल. तो दिला असं मी वर कुठं लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. सोमवारी ग्रंथालयात गेलो, तिथलं वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि घरी आलो. काल गेलो, पुन्हा तेच केलं. एकेचाळीस वर्षांत दुरुस्त करू नये असं वाटलेली ही माझी पहिली चूक. नकाशा तुझ्यासाठी काढला होता ताई, आणि तो खरा केला की तूच त्यातून पुसली जातेस. हे माझ्या हातून होत नाही. फॉर्म भरून झाले, तर फॉर्म आणि लिफाफा दोन्ही ड्रायव्हरजवळ दे. फॉर्म भरले गेले नाहीत, तरी लिफाफा दे.